देवाघरची वही : जॉर्ज म्युलरचे आत्मकथन

आत्मचरित्र हा वाङ्मयप्रकार आपण बहुधा मनाचा इतिहास म्हणून वाचतो. लेखकाने काय केले, ह्यापेक्षा ते करताना त्याच्या अंतःकरणात काय चालले होते, ह्याकडे आपले लक्ष असते. आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या ग्रंथात मनाची उलघाल फार थोडी, निसर्ग जवळजवळ नाही, माणसांची स्वभावचित्रे नाहीत, आणि पानोपानी आहे ती पौंड, शिलिंग व पेन्स ह्यांची नोंद, अशा ग्रंथाला आत्मचरित्र म्हणावयाचे की नाही? जॉर्ज म्युलरचे आत्मकथन हातात घेणाऱ्या वाचकापुढे हा प्रश्न पहिल्या शंभर पानांतच उभा राहतो. ह्या ग्रंथाचा पहिला भाग १८३७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढे त्याचे भाग वाढत गेले. प्रभूने म्युलरशी केलेल्या काही व्यवहारांचे कथन, असे त्याचे इंग्रजी नाव मराठीत सांगता येईल. ‘व्यवहार’ हा शब्द येथे आम्ही जाणून वापरीत आहोत. आपल्या भाषेत तो वागणुकीलाही लागतो आणि देवघेवीलाही. आणि म्युलरच्या ग्रंथात ह्या दोन अर्थांत भेदच उरत नाही.

म्युलर हा पेशाने हिशेबनीस नव्हता. तो उपदेशक होता. परंतु वृत्तीने त्याच्याइतका अस्सल हिशेबनीस धार्मिक वाङ्मयात क्वचितच आढळेल. प्रशियातील क्रोपेनश्टेट ह्या गावी २७ सप्टेंबर १८०५ रोजी त्याचा जन्म झाला. बाप सरकारी कर वसूल करणारा कामगार. १८२९ मध्ये हा तरुण लंडनला आला आणि १८३२ मध्ये ब्रिस्टल येथे स्थायिक झाला. तेथील ब्रेदरन मंडळीची सेवा करीत आणि तिच्या आधाराने अनाथगृहे चालवीत १० मार्च १८९८ रोजी तो त्याच गावी वारला. अ‍ॅश्ली डाउनवरील पाच प्रचंड इमारतींत एका वेळी दोन हजारांवर मुलांची सोय होती. त्याच्या हयातीत दहा हजारांहून अधिक मुले ह्या संस्थेत वाढली. पंधरा लाख पौंडांच्या आसपास रक्कम त्याच्या हातून गेली. आणि मरणसमयी त्याची स्वतःची मत्ता, घरातील सामान धरून, दोनशे पौंडही भरली नाही. हे आकडे चरित्रकार कौतुकाने सांगतात. आम्हांला येथे पाहावयाचे आहे ते हे, की ह्या आकड्यांचे वाङ्मय कसे झाले, आणि ते कोठे अडले.

ग्रंथाच्या आरंभीची पाने ही चोरीची पाने आहेत. बापाकडे जमा असलेल्या सरकारी पैशांतून दहा वर्षांचा होण्यापूर्वीच हा मुलगा वारंवार पैसे उचली. एकदा बापाने संशयाने मोजून ठेवलेली रक्कम त्याने उचलली आणि पायाखाली, बुटात लपविली. झडतीत ती सापडली. सोळाव्या वर्षी खाणावळींची देणी बुडविल्याबद्दल त्याला वोल्फेनब्युटेलच्या तुरुंगात तीन आठवड्यांहून अधिक दिवस काढावे लागले. पुढे हाले विद्यापीठात धर्मशास्त्राचा विद्यार्थी असताना, १८२५ मध्ये, मित्रांबरोबर तो स्वित्झर्लंडला गेला. समाईक पैशाची थैली त्याच्याकडे होती. आणि मित्रांना आला त्याच्या दोनतृतीयांश खर्चातच आपला प्रवास उरकला, हे तो स्वतःच लिहितो. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये एका घरगुती प्रार्थनासभेत त्याचे मन पालटले.

धर्मांतराच्या अथवा मनःपरिवर्तनाच्या कथांत पूर्वायुष्यातील पापे सांगण्याची रूढी जुनी आहे, आणि ती पापे जितकी काळी तितका पुढचा प्रकाश उजळ, असा त्या कथांचा हिशेब असतो. म्युलरचे वेगळेपण असे की त्याची पापे सर्वस्वी एकाच जातीची आहेत. ती अफरातफरीची आहेत. दुसऱ्याच्या विश्वासाने हाती आलेला पैसा हे त्याच्या तारुण्यातले मोहाचे स्थान. आणि पुढची साठ-सत्तर वर्षे त्याने नेमके तेच स्थान आपल्या साधनेसाठी निवडले. ही निवड त्याने कोठेही बोलून दाखविलेली नाही. परंतु बुटात लपविलेल्या त्या नाण्यांची आठवण ठेवून जो वाचक पुढच्या हजारो नोंदी वाचील, त्याला त्या रुक्ष वाटणार नाहीत. बशा किती आल्या, सुऱ्या-काटे किती आले, कोणी अंगठी दिली, कोणी चांदीचे चमचे दिले, कोणी सहा पेन्स दिले, हे सारे तो लिहितो. ज्याने एकदा पैसा लपविला, तो आता काहीच लपवू इच्छीत नाही. अशा रीतीने ही खतावणी हेच त्याचे पापनिवेदन होते. फरक इतकाच की ते एकदा करून संपत नाही, रोज लिहावे लागते. ग्रंथाचे आत्मचरित्रपण आम्हांला येथे सापडते.

आता ह्या मनुष्याला ज्या मंडळीने घडविले तिच्याविषयी. १८२० नंतरच्या दशकात डब्लिन येथे, व पुढे प्लिमथ, ब्रिस्टल ह्या गावी जी ब्रेदरन म्हणजे बंधुमंडळी उदयास आली, तिने दीक्षित पाळकवर्ग नाकारला. दर रविवारी सर्वांनी मिळून भाकर मोडावी, शास्त्र वाचावे, ज्याला प्रेरणा होईल त्याने बोलावे, एवढीच तिची उपासना. ब्रिस्टलच्या बेथेस्डा मंदिरात ऑगस्ट १८३२ मध्ये म्युलर आणि त्याचा स्कॉटिश सहकारी हेन्री क्रेक ह्यांनी मंडळी स्थापिली तेव्हा सगळी मिळून सात माणसे होती. त्याच्या आधी, १८३० मध्ये, टेनमथ येथे असतानाच म्युलरने ठरीव वेतन सोडले होते. त्याचे कारण लक्षात ठेवण्याजोगे आहे. ते वेतन मंदिरातील बैठकींच्या भाड्यातून येई. भाडे देणाऱ्याला पुढची चांगली जागा आणि गरिबाला मागची, हे त्याला शास्त्राविरुद्ध वाटले. भाडे बंद केले आणि मंदिरात एक पेटी ठेवली. ज्या मंडळीत गुरू नाही, मठ नाही, तेथे परस्परविश्वास टिकवावयाचा तर हिशेब उघडा असलाच पाहिजे. म्युलरची वही ही त्या मंडळीच्या उपासनेचाच एक भाग होती, असे आम्ही समजतो.

ह्याला दुसरीही एक बाजू आहे. म्युलर परदेशी होता. इंग्लंडमध्ये त्याला कूळ नव्हते, जमीन नव्हती, आणि ज्या भाषेत त्याने हा ग्रंथ लिहिला ती त्याची मातृभाषा नव्हती. त्याच्या गद्याची कोरडी स्वच्छता, लहान वाक्ये, अलंकारांचा अभाव ह्यांचे श्रेय काही अंशी ह्या परकेपणाला द्यावे लागेल. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या मंडळींना ह्याचे मर्म सांगावयास नको. धारवाडच्या बेंद्र्यांनी घरची मराठी बाळगून कन्नडात काव्य केले आणि ग्वाल्हेरकडच्या मुक्तिबोधांनी हिंदीत. त्यांच्या प्रतिभेची जात निराळी आणि म्युलरपाशी तसली प्रतिभा नव्हतीच, पण परक्या भाषेत लिहिणारा शब्द मोजून टाकतो, हा अनुभव सामान्य आहे. परप्रांतात चार घरांनी मिळून चालविलेल्या वाचनालयाचा जमाखर्च वर्षानुवर्षे चोख ठेवणारा मानद चिटणीस आपण पाहिलेला असतो. त्या वहीत त्याचे नागरिकत्व असते. म्युलरचेही तसेच होते.

म्युलरचे नियम थोडे व कडक होते. कोणत्याही माणसाजवळ पैसा मागावयाचा नाही. गरज फक्त देवाला सांगावयाची. कर्ज काढावयाचे नाही. रोख नसेल तर जिन्नस घ्यावयाचा नाही. ११ एप्रिल १८३६ रोजी विल्सन स्ट्रीटमधील भाड्याच्या घरात पहिले अनाथगृह उघडले. त्याच्या आधी एक चमत्कारिक गोष्ट घडली. घर, पैसा, सामान, नोकर ह्या सर्वांसाठी त्याने प्रार्थना केली होती. अर्ज घेण्याच्या दिवशी एकही मूल आले नाही, आणि तेव्हा त्याच्या ध्यानात आले की मुलांसाठी प्रार्थना करावयाची राहिली. हिशेबातील ही गळलेली रक्कम तो त्याच गंभीरपणे नोंदवितो. ह्या प्रसंगात विनोद आहे हे त्याला दिसत नाही, आणि म्हणूनच तो प्रसंग खरा वाटतो.

येथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो हलका नाही. मागावयाचे नाही म्हणून सांगावयाचे, आणि दरवर्षी अहवाल छापून आपण मागत नाही हे जगाला कळवावयाचे, हे मागणेच नव्हे काय? आमच्या मते आक्षेपात तथ्य आहे. ज्या अहवालात गेल्या वर्षी सकाळी घरात पैसा नव्हता व दुपारी आला असे सांगितलेले असते, तो वाचून कोमल मनाचा मनुष्य थैली उघडणार, हे उघड आहे. परंतु म्युलरला हे कळत नव्हते असे म्हणणे अन्यायाचे होईल. १८४१ च्या अखेरीस हाती काहीच शिल्लक नव्हते, तेव्हा त्याने अहवाल आणि जाहीर सभा मुद्दाम कित्येक महिने पुढे ढकलल्या. कारण अशा वेळी अहवाल काढणे म्हणजे सूचना करणे, हे त्याने ओळखले होते. ह्या एका विलंबाने आक्षेप सर्वस्वी पुसला जात नाही. पण लेखक आपल्या पद्धतीच्या कमजोर जागेवर स्वतःच पहारा करीत होता, एवढे सिद्ध होते.

ग्रंथातील सर्वांत हृद्य भाग आम्हांला एका शिवणकाम करणाऱ्या गरीब स्त्रीचा वाटतो. आठवड्याला काही थोडे शिलिंग मिळविणाऱ्या ह्या बाईने अनाथगृहासाठी शंभर पौंड आणून दिले. म्युलरला ते घेणे धाष्टर्याचे वाटले. त्याने तिला बोलावून चौकशी केली. तेव्हा कळले, की तिला वारसाहक्काने काही रक्कम मिळाली होती; तिचा व्यसनी बाप देणी ठेवून वारला होता; भावंडांनी सावकारांना पौंडामागे पाच शिलिंग देऊन मिटविले होते; आणि हिने मागाहून गुपचूप जाऊन उरलेले पंधरा शिलिंगही फेडले होते. कायद्याने तिच्यावर काहीच देणे नव्हते. बापाच्या पैशातून चोरी करणाऱ्या मुलाने बापाचे कर्ज फेडणाऱ्या मुलीची ही हकीकत लिहावी, ह्यातली संगती म्युलर बोलून दाखवीत नाही. परंतु इतर देणग्यांना एक ओळ देणारा हा लेखक येथे पानेच्या पाने थांबतो. एवढ्याने त्याचे मन दिसते.

आता ह्या वहीत जे लिहिले गेले नाही त्याकडे वळू. १८४८ मध्ये ब्रेदरन मंडळीत मोठी फूट पडली. प्लिमथच्या वादग्रस्त शिक्षकाशी संबंध असलेल्या काही लोकांना बेथेस्डाने आपल्यात घेतले, म्हणून जॉन नेल्सन डार्बीने त्या संपूर्ण मंडळीशी संबंध तोडला. तेव्हापासून ‘खुले’ आणि ‘वर्जक’ असे दोन तट झाले. ज्या मंडळीत बंधुत्व हेच सर्वस्व, तेथे बंधूंनी एकमेकांची भाकर नाकारली, ह्याहून मोठा खर्च कोणता? परंतु ह्या घटनेच्या मानाने ग्रंथात तिला फारच थोडी जागा मिळते. जमेच्या बाजूस पेन्सही सुटत नाही. वेदनेच्या खात्यावर मात्र ओळी मोजक्या.

तसेच मुलांचे. दहा हजार मुलांतून एकाचाही चेहरा वाचकाच्या डोळ्यांपुढे नीटसा उभा राहत नाही. मुले खातात, कपडे घालतात, आजारी पडतात, नोकरीस लागतात. ती काय बोलतात हे क्वचितच ऐकू येते. आणि तसेच पत्नीचे. मेरी ग्रोव्हज ही अँथनी नॉरिस ग्रोव्हज ह्याची बहीण. दंतवैद्यकाचा किफायतशीर धंदा सोडून ग्रोव्हज १८२९ मध्ये बगदादला गेला, १८३३ मध्ये हिंदुस्थानात आला आणि त्याच्या प्रेरणेने गोदावरीच्या मुखप्रदेशात ब्रेदरन मंडळींचे काम सुरू झाले. हा आपल्या देशाशी असलेला म्युलरच्या घराचा पहिला धागा. मेरी १८७० मध्ये वारली, तेव्हा केलेल्या प्रवचनात म्युलरने सांगितले की दरमहा संस्थेच्या वह्या आणि शेकडो बिले तीच तपासून पाही. म्हणजे ज्या हिशेबाची कीर्ती जगभर झाली त्याची तपासनीस ही स्त्री होती. आणि हे कळण्यासाठी तिच्या मृत्यूची वाट पाहावी लागली. रेव्हरंड टिळकांच्या औदार्याचा घरात काय हिशेब लागत होता हे आपल्याला ‘स्मृतिचित्रे’मुळे कळते. म्युलरच्या घरात मेरी होती, पण लक्ष्मीबाई नव्हती. त्या वाङ्मयाचे हे नुकसान आहे.

मराठी वाचकाला म्युलर वाचताना आपल्या संतकथा आठवल्याशिवाय राहणार नाहीत. देवगिरीला जनार्दनस्वामींच्या दप्तरात एका पैची चूक शोधण्यासाठी रात्रभर जागलेले एकनाथ, आणि ती सापडल्याच्या आनंदावरून गुरूंनी केलेला बोध. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांचे धान्याचे देणे स्वतः फेडून पावती घेणारा विठ्ठल. कर्जखते इंद्रायणीत सोडणारे तुकोबा. ह्या कथांत हिशेब आहे, पण तो ओलांडण्यासाठी आहे. पै सापडली की तिच्यापलीकडे जावयाचे. पावती मिळाली की चाकरी सोडावयाची. वही बुडाली की मोकळे व्हावयाचे. प्रपंचही नेटका करावा हा समर्थांचा आग्रह जमेस धरूनही, वही मिटणे ही आपल्याकडे भक्तीची खूण मानली गेली. म्युलरकडे वही उघडी राहणे हीच भक्ती आहे. तुकोबांनी दुसऱ्यांकडून येणे होते ते सोडले. म्युलर दुसऱ्यांचे आपल्याकडे आलेले जपतो. एकाला ऋणको मोकळे करावयाचे होते, दुसऱ्याला विश्वस्त राहावयाचे होते. ह्यांत उच्चनीच ठरविण्याचे कारण नाही. परंतु सार्वजनिक संस्था चालविणाऱ्या समाजाला दुसऱ्या प्रकारच्या भक्तीचीही गरज असते, हे मात्र म्हटले पाहिजे.

ह्या भक्तीचे मराठी रूप आपल्याला पंडिता रमाबाईंत पाहावयास मिळते, आणि येथे संबंध केवळ साम्याचा नाही. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी आत्मनिवेदनात, म्युलरचे हे कथन आणि चीनमधील मिशनचा वृत्तान्त वाचून, असा भरवसा हिंदुस्थानात ठेवणे शक्य होणार नाही काय, असा प्रश्न आपल्या मनात आल्याचे त्यांनी नमूद केले आहे. अमेरिकेतील रमाबाई असोसिएशनने शारदा सदनाला दिलेले दहा वर्षांचे वचन १८९८ मध्ये संपले. केडगावच्या मुक्तिसदनाचा पुढचा भार ठरीव उत्पन्नाशिवाय उचलावयाचा होता. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या सुमारे तीनशे मुलीबाळी तोवर पदरात होत्या. परंतु रमाबाईंचे निवेदन आणि म्युलरचे कथन ह्यांच्या सुरात महदंतर आहे. म्युलरला भुकेची धास्ती मुलांच्या वतीने होती; रमाबाईंनी १८७४ च्या सुमारास आईबाप उपासमारीने जाताना पाहिले होते. म्हणून त्यांच्या लेखनात भाकर ही श्रद्धेच्या परीक्षेची वस्तू नाही, ती स्मृती आहे. शिवाय त्या वाद घालतात, शास्त्रे तपासतात, संतापतात. आपल्या बेळगावात जन्मलेल्या बाबा पदमनजींच्या ‘अरुणोदया’तही, १८८४ मध्ये, हीच वादशील बुद्धी दिसते. मराठी मनुष्य नव्या श्रद्धेकडे गेला तो चर्चा करीत गेला. म्युलर हिशेब करीत गेला.

योगायोगाने त्याच १९०७ साली एडमंड गॉस ह्याचे ‘फादर अँड सन’ निघाले, आरंभी लेखकाच्या नावाशिवाय. त्याचा बाप फिलिप हेन्री गॉस हा नामांकित प्राणिशास्त्रज्ञ आणि निष्ठावंत ब्रेदरन. दहा वर्षांच्या कोवळ्या वयात मंडळीत घेतलेल्या मुलाला त्या उबेत कसे गुदमरले, हे तो ग्रंथ सांगतो. वाङ्मय म्हणून तो म्युलरच्या कथनाहून कितीतरी श्रेष्ठ आहे. त्यात माणसे आहेत, समुद्रकिनारा आहे, मुलाचा एकान्त आहे. म्युलरच्या वहीत ज्या मुलांचा आवाज नाही, त्यांच्यापैकी एखाद्याचा आवाज कसा असता, ह्याची कल्पना गॉस वाचून येते. तथापि गॉसने आपल्या बापाचे जे माप घेतले ते मुलाचे माप आहे. पोरक्या मुलाला प्रथम हवे असते ते ताट, आणि ते साठ वर्षे चुकले नाही, ही साक्ष म्युलरच्याच वहीत मिळते.

तेव्हा निर्णय काय द्यावयाचा? कला म्हणून हा ग्रंथ तोकडा आहे. त्यातील पुनरुक्ती कंटाळवाणी आहे, आणि ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप त्यांच्याविषयीचे त्याचे मौन हा मोठा दोष आहे. सद्‌ग्रंथ म्हणून त्याच्याकडे पाहणारे हे दोष झाकतात, आणि वाङ्मय म्हणून पाहणारे ग्रंथच बाजूला ठेवतात. दोघेही त्याला अन्याय करतात. एका मनुष्याने आपला सर्वांत लाजिरवाणा दुर्गुण ओळखून त्याच जागी आयुष्यभर दिवा लावून ठेवला, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला आत डोकावू दिले, ही गोष्ट आत्मचरित्रांत विरळा आहे. संस्थांचे अहवाल आपण चाळून टाकून देतो. म्युलर वाचल्यावर एखादा तरी अहवाल आपण शेवटच्या पानापर्यंत वाचू. आणि तो लिहिणाऱ्याने कोणते खाते मुळी उघडलेच नाही, हेही विचारू.